गुळाची बाजू

नारपोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत, आमच्या शेजारी एका साप्ताहिकाचा वार्ताहर राहतो. उद्या पाणी येणार का असं विचारलं, तरी तो म्हणतो, "काही म्हणतात येईल, काही म्हणतात नाही."

लूमवरचे कामगार छातीत गेलेला कापूस उतरावा म्हणून ड्युटी संपली की गूळ खातात. त्यावर त्यानं लिहिलं. डावीकडे डॉक्टर: गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही, नाकाला फडकं बांधा, खोकला असेल तर तपासून घ्या. उजवीकडे मुकादम: इतकी वर्षं खातोय, मला काय झालंय?

"दोघांना सारखंच माप?" मी विचारलं.

"ओळी मोजा काका. एकही कमीजास्त नाही."

मी मोजल्या. खरंच नव्हती.

खालच्या खोलीतला लूम कामगार तेव्हा खोकून बेजार झाला होता, पण दवाखान्याचं नाव काढू देत नव्हता. त्याची बायको वर आली. "भाऊ, तुमीच सांगा त्यांना. माजं आयकत न्हाय."

वार्ताहर लगेच खाली गेला, मीही गेलो. तो पहिल्यांदाच सरळ बोलला, "गुळानं काही होत नाही. डॉक्टरकडे चल, मी येतो."

कामगार खोकत हसला. "सायेब, ही झाली एक बाजू. मुकादमाचं पन तुमीच छापलंय ना?"



दिवाळीआधी तो कामगार वारला. बायको पडघ्याला माहेरी निघाली, तेव्हा तिचं सामान वार्ताहरानं एकट्यानं टेम्पोत चढवलं. ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.