हमीदाभाभींच्या छातीतला श्वास

मी डॉक्टर. कुणी भूतबाधेचं बोलू लागलं की आधी त्याचा ताप बघणारा. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही... म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पाटणला माझा दवाखाना नवा होता. एका दुपारी स्टँडजवळचा यासीन टेलर बायकोला, हमीदाभाभींना, घेऊन आला. ताप, कोरडा खोकला, ओठ निळसर. धाप अशी, की शब्द पुरा होईना. न्यूमोनियाच वाटला. स्टेथोस्कोप लावला, तर छाती साफ.

एवढंच असतं तर ठीक. पण भाभींची छाती भात्यासारखी हलत होती, आणि माझ्या कानात येणारा श्वास मात्र संथ... गाढ झोपलेल्या माणसाचा. नळी झटकून पुन्हा लावली. तेच.

"काय हाय, डॉक्टरसाहेब?" यासीननं विचारलं.

"बघतो," म्हणालो.

पेनिसिलिन चालू केलं, ताप हलेना. टीबी म्हणून थुंकी तपासून घेतली, त्यातही काही नाही. छातीला नळी लावायला माझा हात धजेना, आणि लावल्यावाचून राहवेना. शेवटी जीप करून भाभींना सांगलीला नेलं. मीही सोबत गेलो.

एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धुरकट पांढरी. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "व्हायरल न्यूमोनिया असावा. यात नळीला फारसं सापडत नाही, पेनिसिलिनही चालत नाही. ऑक्सिजन देऊ, वाट बघू."

मला हायसं वाटलं. तरी म्हणालो, "सर, एकदा ऐकता?"

त्यांनी ऐकलं. बराच वेळ. भाभींच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं, मग नळी काढून खिशात घातली.

"तुम्ही जेवून या," एवढंच बोलले. मी पुन्हा विषय काढला, तर उठून गेले.

भाभी हळूहळू सावरल्या. पुढे असे न्यूमोनिया पुष्कळ पाहिले. साफ छाती आणि खराब एक्स-रे, याचा उलगडा मला होतो. त्या संथ श्वासाचा अजून झालेला नाही.

घरी सोडायच्या दिवशी शेवटचं तपासलं. आवाज आणि छाती, दोन्ही एका लयीत.

"आता श्वास माजा एकटीचाच हाय का, डॉक्टर?" भाभींनी हळूच विचारलं.

मी त्यांना कधी काही बोललो नव्हतो. यासीनलाही नाही.

"हो," म्हणालो.

त्यांनी मान वळवली, आणि रडू लागल्या.