कपाटातलं पाणचाक

ऊर्जेचा धडा नुसता वाचून न दाखवता मुलांकडून हाताने कसा करून घ्यावा, हे शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना दाखवणं, हे माझं काम. भिवपुरीजवळच्या एका शाळेतले मुख्याध्यापक हे माझे सर्वांत कर्तव्यदक्ष विद्यार्थी. प्रशिक्षणात पहिल्या बाकावर बसून त्यांनी माझा शब्दन् शब्द उतरवून घेतला. पाण्यावर फिरणारं चाक, छोटं जनित्र आणि दिवा असलेली साहित्याची पेटी तर त्यांनी इतकी जपली, की दोन वर्षांत तिचं प्लास्टिकही निघालेलं नाही. कपाटाची किल्ली शर्टाच्या खिशात असते. दर दोन वाक्यांनी ते खिसा चाचपतात.

"मुलांच्या हाती दिली की मोडलीच म्हणून समजा," ते मला समजावतात. "मग पुढच्या मुलांनी काय बघायचं?"

परवा गेलो, तर धडा रंगात आला होता. फळ्यावर पेटीचं सुरेख चित्र होतं, खाली ठळक अक्षरांत 'ऊर्जेची बचत'. मुलं हाताची घडी घालून कृतिशील शिक्षण घेत होती. खिडकीशी बसलेली एक मुलगी मात्र डोंगराकडे बघत होती. वीजघरात उतरणारे जाडजूड पाइप तिथून स्पष्ट दिसतात.

"सर, त्या पायपातल्या पान्यानं पन असंच चाक फिरतं? माजा बाबा तिकडंच कामाला हाय."

आता किल्ली निघणार, असं मला वाटलं. सरांचा हात खिशाकडे गेलाही. किल्ली जागेवर असल्याची खात्री करून ते उठले.

"लक्ष फळ्याकडं ठेव गं," म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली.

वर्गात अंधार झाला. मग सरांनी ट्यूबलाइट लावली आणि 'ऊर्जेची बचत' पुन्हा स्पष्ट दिसू लागली.