दारातून न निघणारं कपाट

वकिलीची सनद हातात पडली तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपण कोर्टात उभं राहायचं आणि बोलायचं. फर्ममध्ये लागल्यावर कळलं की शिकाऊ वकिलाने बोलायचं नसतं, नुसतंच उभं राहायचं असतं. झेरॉक्सच्या रांगेत, साहेबांच्या केबिनबाहेर, कारकुनाच्या टेबलासमोर. घरी आली की ती तक्क्यावर पाय टाकून आडवी व्हायची. आई स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणायची, "पाय माझे गेलेत आणि कण्हतेस तू!"

तिची तिशी कधीच उलटली होती. वडील गेल्यावर शिकवण्या घेऊन तिने आधी धाकट्या भावाचं शिक्षण पार पाडलं, मग स्वतःचं. त्यामुळे फर्ममधले तिच्याहून लहान वकील तिला मानाने ताई म्हणत, आणि ताईलाच फायलींचे गठ्ठे उचलायला लावत.

एक दिवस साहेबांनी आत बोलावलं. "त्या म्हाताऱ्या नवराबायकोचा घटस्फोट आहे ना, त्यांच्या सामानाची वाटणी ठरलीये. दोन्हीकडचा एकेक वकील समोर हवा. आपण बायकोकडून. तू जा. मध्ये बोलू नकोस, फक्त भांडण होऊ देऊ नकोस."

"न बोलता भांडण कसं थांबवायचं, साहेब?"

साहेबांनी तोवर फोन कानाला लावला होता.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दुसऱ्या बाजूचा वकील जिन्यात बसून घाम पुसत होता. काटकुळा, काळ्या कोटात हरवलेला.

"तुम्हीपण शिकाऊच ना?" त्याने विचारलं.

"कशावरून?"

"चपलांवरून. साहेब लोकांच्या झिजत नाहीत."

आत काका-काकू खोलीच्या दोन टोकांना बसले होते. संसारात आयुष्य गेल्यावर त्यांचं नेमकं कशावरून फाटलं, हे फायलीत पानंच्या पानं लिहिलेलं होतं. पण ती फाइल पाठ होऊनही तिला ते उमगलं नव्हतं. एवढं मात्र खरं, की दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. जे काय असेल ते वकिलामार्फत.

"यांना सांगा, मिक्सर माझ्या भावाने दिलेला आहे," काकू तिच्याकडे बघून म्हणाल्या.

तिने काटकुळ्याला सांगितलं, काटकुळ्याने काकांना. काका म्हणाले, "न्या म्हणावं. तसाही तो नुसता ओरडतो." ते वाक्य त्याच वाटेने परत आलं. ओरडण्याचा भाग तिने गाळला, पण काकूंना ऐकू आलेलंच होतं. पुन्हा तिच्यामार्फत उलट उत्तर गेलं. पंखे झाले, पलंग झाला, पातेल्यांची झाकणंसुद्धा झाली. सकाळपासून तिच्या पोटात नुसता चहा होता आणि घशाला कोरड पडली होती.

राहिलं भिंतभर रुंदीचं लाकडी कपाट. ते काकूंच्या वाट्याचं. हमालांनी ते आडवं केलं, तिरकं केलं, उभं केलं, दारातून निघेना. निघणार कसं? काकांनी सुताराला हाताशी धरून ते खोलीतच बनवलं होतं. हमाल कपाळ पुसत म्हणाला, "एक तर कपाट कापा, नाहीतर भिंत पाडा."

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "कापा."

काकूंचा चेहरा उतरला. काका कोणालाही न विचारता पान्हा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन उठले आणि कपाटापुढे गुडघे टेकून बसले.

"यांना सांगा, खालची फळी आधी काढा. वरची काढली तर दार डोक्यात पडेल," काकू म्हणाल्या.

काका हाताच्या अंतरावर होते. तिने काटकुळ्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. आणि तिच्या अंगातलं उरलंसुरलं त्राणच गेलं. ती सरळ जमिनीवर बसली.

"काकू, ते समोरच आहेत हो. तुम्हीच सांगा. माझा घसा बसलाय."

काटकुळा उगाचच खिडकीबाहेर बघू लागला. आता आपली नोकरी गेली, असं तिला वाटलं, आणि नवल म्हणजे त्याचं फारसं काही वाटलं नाही.

"खालची आधी," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"माहितीये," काका म्हणाले. मग मान वर न करता, "दार धरतेस का?"

काकूंनी दार धरलं. संध्याकाळ व्हायच्या आत कपाटाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकांनी सगळे स्क्रू रुमालात बांधून काकूंच्या हातात दिले. "उजव्या दाराचे वेगळ्या गाठीत आहेत."

"बरं."

तेवढंच. रडारड नाही, माफी नाही. उतरताना काटकुळा म्हणाला, "मी सोडतोय हे. बँकेच्या परीक्षा देणार." तिने मान हलवली, तिला त्याचा हेवाही वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी झाडलं. "अशिलाला समोरच्याशी बोलायला लावायचं? उद्या तिने काही कबूल केलं असतं तर कोणी निस्तरलं असतं?" साहेबांचं चुकत नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि झेरॉक्सच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

घटस्फोट ठरल्याप्रमाणे झाला. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात काकू तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"नव्या घरी सुताराला कपाट जुळवता येईना. मग मीच फोन केला त्यांना. आले, दिवसभर खपले."

"मग?"

"मग काय? चहा घेतला आणि गेले." काकूंनी पिशवीतून डबा काढला. "जेवलीस?"

"नाही अजून."

काकूंनी झाकणात भात काढून तिच्यापुढे सरकवला. दोघी जेवल्या. काकूंनी डबा पुसून पिशवीत ठेवला आणि बस चुकेल म्हणून निघून गेल्या. ती आणखी थोडा वेळ तिथेच, पाय लांब करून, बाकावर बसून राहिली.