डाव्या कोपऱ्यातली रिकामी जागा

या सदराबद्दल माझं मत संपादकांना चांगलं ठाऊक आहे. मागे मीच त्यांना पत्र लिहिलं होतं – हे भुताखेतांचं पान बंद करा, त्या जागेत गावोगावच्या पिण्याच्या पाण्याबद्दल काहीतरी छापा. ते मत मी अजून मागे घेतलेलं नाही. आमच्या घरात देव्हारा नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उमेदीची वर्षं निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांच्या संघटनेत घालवली. ‘कामगार भगिनींनो’ हे मी सलग वाचलेले पहिले शब्द, तेही अण्णांच्या पत्रकावरचे. तेव्हा मी काही ‘पाहिलं’ असं कुणी समजू नये. मी फक्त तिथं होते, आणि जे झालं ते सरळ सांगते…

गाव निपाणी आणि चिकोडीच्या मधलं. नाव मुद्दाम देत नाही, उद्या लोक मैदान बघायला यायचे. आमचं मैदान म्हणजे शाळेच्या मागची लाल माती. डाव्या अंगाला शाळेची भिंत इतकी चिकटून आहे की डाव्या कोपऱ्यातला खेळाडू मोकळेपणानं झेपावूच शकत नाही. भिंतीला खांदा घासत, तिरकं पडून त्याला चढाईवाल्याचा घोटा धरावा लागतो. त्यामुळे आमच्या गावचा डावा कोपरा पकड करताना डावा हात वर ठेवतो आणि उजवा खाली. सगळं जग उलटं करतं. आमच्याकडं ही चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि कुणाला ती चूक वाटली नाही.

माझा धाकटा भाऊ अजित याच भिंतीशेजारी तयार झाला. टीव्हीवर मॅटवरची जी मोठी कबड्डी लीग दिसते, तिच्यातल्या एका संघानं त्याला उचललं. पण उचललं म्हणजे तो लगेच टीव्हीत दिसला असं नाही. या संघांची एक दुसरी फळी असते. ती लहान शहरांतून, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळते. वरचा कुणी जखमी झाला की खालच्याला बोलावणं येतं, तो बरा झाला की खालचा परत खाली. अजित दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला. दोन्ही वेळी कारण एकच. प्रशिक्षक म्हणाले, हात बदल, अशी पकड मॅटवर टिकत नाही. त्यानं हात बदलला आणि त्याच्या हातून माणसं सुटायला लागली.

आता आमच्या कबड्डी मंडळाची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमचा खेळाडू वरच्या संघात गेला की तिथं तो कायम होईपर्यंत त्याची जागा आम्ही भरत नाही. सहाच जण उतरतात. त्याच्या जागेवर कुणी पाय रोवून उभं राहत नाही. फार मागे आमच्यातला एक जण बेळगावला कॅम्पात लष्कराच्या संघाच्या चाचणीला गेला होता. निवड झाली नाही. परत आला तर त्याच्या जागी दुसरा खेळत होता. तो माणूस नंतर मैदानाकडं फिरकलाच नाही. तेव्हापासून ही रीत.

ती स्वस्त नाही. कबड्डीत सहा जणांनी उतरायला परवानगी आहे, पण सगळे बाद होऊन लोण चढला की गैरहजर माणूसही बाद धरतात आणि त्याचा गुण समोरच्यांना फुकट जातो.

यंदा अजितला तिसऱ्यांदा बोलावणं आलं, वरच्या डाव्या कोपऱ्याचा गुडघा दुखावला म्हणून. संघाच्या व्यवस्थापकानं त्याला स्वच्छ सांगितलं होतं, ही शेवटची संधी. या वेळी खाली आलास तर करार संपला. आणि नेमकी त्याच आठवड्यात सदलग्याची स्पर्धा.

मंडळाच्या बैठकीत बाजीराव उठला. बाजीराव आमचा उजवा कोपरा, अजितचा लहानपणापासूनचा जोडीदार; दोघं एकमेकांना अज्या-बाज्या म्हणतात. गुडघे गेलेत, हे त्याचं शेवटचं वर्ष. सदलग्याचा कप त्याला एकदा तरी घरी न्यायचा होता. तो म्हणाला, रीत चांगली हाय, पण दोनदा पाळून झाली. दोनदा अजित परत आला, दोनदा आपण सदलग्यात हरलो. यंदा सातवा उतरवू. निम्म्या बैठकीनं माना डोलावल्या.

मी मंडळाची सचिव. देवाधर्माची रीत असती तर मीच मोडली असती. पण ही रीत मला धर्माची वाटत नाही, हक्काची वाटते. मी अण्णांचंच वाक्य वापरलं – “परत येणाऱ्याला जागा नसली तर वर जायचा धीर कुणाला व्हायचा?”

“आक्का, तुझी पत्रकं तुलाच लखलाभ,” बाजीराव म्हणाला. “उतरतो सहा. पण हारलो तर कप तू करून द्यायचास, पत्र्याचा.”

सदलग्यात आमचा सहाचा संघ बघून लोकांना करमणूक झाली. एकानं विचारलं, सातवा भाकरी बांधून घ्यायला गेलाय काय? बाजीरावनं मागं न बघता उत्तर दिलं, “त्यो टीव्हीत हाय.” तुम्हाला सांगते, अजित तोवर टीव्हीत एकदाही धड खेळला नव्हता. पण त्या उत्तरानं माझी मान ताठ झाली, ती स्पर्धा संपेपर्यंत तशीच होती.

सहा जणांनी अंतिम सामना गाठला. समोर चिकोडीचा संघ आणि त्यांचा भरतेश, त्या भागातला सगळ्यांत चपळ चढाईवाला. दुपार उतरत होती. शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो, पण आमचे दोघेच आत उरले होते, उजव्या कोपऱ्यात बाजीराव आणि मधे गोपाळ. दोघांना शिवून भरतेश परत गेला की लोण, शिवाय गैरहजर अजितचा गुण. म्हणजे माझ्या तत्त्वापायी कप चिकोडीला… मी गुणलेखकाशेजारच्या खुर्चीवर बसले होते.

भरतेश आला. त्यानं शहाणपणा केला, डाव्या अंगाला वळला. तिकडं आमचं कुणी नव्हतंच. रिकाम्या कोपऱ्यातून फिरून दोघांच्या पाठीमागून यायचं, असा त्याचा बेत उघड दिसत होता. कोपऱ्यात शिरला, वळला, आणि पुढं पाऊल टाकताना थांबला. पाय मागे राहिला आणि अंग पुढं गेलं. कबड्डी बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. घसरलेला माणूस असा पडत नाही, धरलेला माणूस असा पडतो. तोंडावर आदळला, दम तुटला. त्याच क्षणी बाजीराव, ज्याचे गुडघे गेलेत असं मी म्हटलं, तो अख्खं मैदान ओलांडून त्याच्या कमरेवर पडला.

शिट्टी झाली. गुण आमचा. कप आमचा.

आमची पोरं नाचत आत धावली. भरतेश मात्र बसल्या जागी मागं वळून बघत होता. “यारो काल हिडद्रु,” तो कानडीत म्हणाला, आणि आमच्याकडं बघून मराठीत – “कुणीतरी पाय धरला माझा.” पंच म्हणाले, मैदानावर पाणी मारलंय, घसरला असशील. त्यांच्याच संघातले चेष्टा करू लागले. पण हा पोरगा खरा. भांडला नाही, गुण मागितला नाही. उठून, कप आमच्या हातात असताना, माझ्यासमोर येऊन म्हणाला, “ताई, घसरल्याव काय हुतंय ते मला कळतंय की. दोन्ही हातांनी धरलं. डावा हात वर हुता.”

डावा हात वर. मी त्याला विचारलं, आमच्या अजितसमोर कधी खेळलास का? कधीच नाही. आमच्या गावचं मैदान बघितलंस? नाही. ही पकड कुठं बघितलीस? “बघाय कशाला पायजे,” तो म्हणाला, “धरलं म्हंजे समजतंच की.”

परतीच्या टेम्पोत सगळे गात होते. बाजीराव कप मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, उडी कशी मारलीस रं एवढी? तो सहज म्हणाला, “अज्यानं हाक मारली न्हवं…” आणि स्वतःचंच बोलणं ऐकून थांबला. मग सदऱ्याच्या टोकानं कप पुसायला लागला.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात टीव्ही लावला. अजित पहिल्या सातांत होता. डाव्या कोपऱ्यात, त्या झगझगीत मॅटवर, हजारो लोकांसमोर. पहिल्याच पकडीत मला दिसलं आणि शेजारच्या म्हाताऱ्यांनाही दिसलं. हात बदललेला नव्हता. डावा वर, उजवा खाली. भिंत नव्हती तरी भिंत असल्यासारखा तिरका पडत होता. समोरचे नावाजलेले चढाईवाले एकामागून एक त्याच्या हातात अडकले. आमच्या गावची चूक देशभर दिसत होती. समालोचक तिला ‘अनोखी शैली’ म्हणत होता. अण्णा टाळ्या वाजवत नव्हते. चष्मा पुसत होते.

सकाळी अजितचा फोन आला. मी आधी सदलग्याचं काही सांगितलं नाही. त्याला विचारलं, प्रशिक्षकांनी जुनी पकड कशी चालू दिली? तो हसायला लागला. म्हणाला, आक्का, लई गंमत झाली. सामन्याच्या दिवशी दुपारी सगळ्यांना झोपवतात. खोलीत त्याच्यासोबत सुमीत म्हणून हरियाणाचा पोरगा, संघातला सगळ्यांत ताकदीचा चढाईवाला. सुमीत पाणी प्यायला उठला आणि अजितच्या पलंगाजवळून जाताना अजितनं झोपेतच त्याचा घोटा धरला. सुमीतनं ओढून बघितलं, झटकून बघितलं, शेवटी दोन्ही हातांनी बोटं सोडवायला गेला… सुटेना. त्याच्या आरडाओरड्यानं शेजारच्या खोलीतून प्रशिक्षक आले. त्यांनी बघितलं. देशातला एवढा मोठा चढाईवाला एका झोपलेल्या पोराच्या हातातून निघेना. त्यांनी पकड नीट वाकून बघितली म्हणे, मग अजितला हलवून उठवलं आणि एवढंच म्हणाले, आज असंच धर.

अजितला स्वप्न वगैरे काही आठवत नव्हतं. फक्त बोटं दुखत होती.

मी म्हटलं, सुमीतला फोन दे. माझं हिंदी म्हणजे निपाणीच्या बाजारातलं, पण मला खात्री करायची होती. नेमकं कधी झालं? चहाच्या आधी, तो म्हणाला. म्हणजे आमची दुपार उतरत होती तेव्हाच, ढोबळ मानानं. मिनिटाचा हिशेब माझ्याकडं नाही आणि आहे असं खोटं सांगणार नाही. अजून काही विचारावं म्हणून मी शब्द शोधत होते, तेवढ्यात त्यानंच विचारलं –

“दीदी, ये बाज्या कौन है? पैर पकड़के चिल्ला रहा था, बाज्या ये, बाज्या ये.”

मी फोन अजितकडं द्यायला सांगितला. चांगला खेळलास, एवढंच म्हटलं.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. अजितला सामन्याची तारीख माहीत होती, त्याच्या मनात सदलगा होता, म्हणून झोपेत बडबडला. मान्य. मैदान ओलं होतं, भरतेश घसरला. हेही मान्य. गर्दीत कुणीही बाज्याला हाक मारली असेल. असेल. मी हे सगळं स्वतःला सांगून बघितलंय, कागदावर मांडून बघितलंय. एकेक दुवा सुटतो. भरतेशचं ‘डावा हात वर’ मात्र सुटत नाही. मी चिकोडीला जाऊन त्याला पुन्हा विचारलं. त्यानं जमिनीवर बसून माझ्या पाण्याच्या बाटलीवर ती पकड करून दाखवली. अगदी आमच्या गावची, अंगठ्याच्या वळणासकट.

अजित वर राहिला. खाली पाठवायचा विषय संपला, नवा करार झाला, आणि त्यानं रीतीप्रमाणं स्वतः फोन करून सांगितलं, जागा भरा आता. बैठकीत कुणीतरी सुचवलं, त्या कोपऱ्यात आधी नारळ फोडू, काहीतरी हाय तिथं. मी उभी राहिले. नारळ फुटणार नाही म्हटलं. त्या कोपऱ्यात काही असलंच तर ते सहा जणांनी सातव्यासाठी सोडलेल्या जागेत होतं, आणि त्याला नारळाची गरज नाही. वाद झाला. मी मागं हटले नाही.

तेव्हा बाजीराव बोलला. कप आता त्याच्या घरी आहे, खेळणं थांबवायला तो मोकळा होता. “नवं पोरगं उभं करायचं तर त्याला हात कुठला वर ठेवायचा ते कुणीतरी शिकवाय पायजे,” तो म्हणाला. “मी थांबतो अजून एक वर्ष.”

हल्ली रोज सकाळी तो भिंतीशेजारी एका पोराला तिरकं पाडतोय. त्या दुपारी सदलग्याच्या मातीत काय झालं ते मला सांगता येत नाही. सांगता येईल असं वाटतही नाही. पण अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा कबड्डीवर, सदलग्याच्या त्या कपावर, पत्रक काढलं, आणि त्यावर सात नावं छापली.