खर्जातले भिडेकाका

भिडेकाका माणूस भेटला की नमस्काराआधी त्याचा आवाज तपासत. परदेशातल्या आमच्या नोव्हाय गावच्या गणपतीत मी आरतीला जीव तोडून ओरडत होतो, तेव्हा पांढऱ्या मिशांचे हे शिडशिडीत गृहस्थ शेजारी येऊन कान लावून उभे राहिले. आरती संपल्यावर म्हणाले, "सूर नाही, पण खर्ज आहे. मंगळवारी चर्चमध्ये ये."

मी दचकलो. "काका, आमच्याकडे रोज पूजा असते हो."

"माझ्याकडेही असते. देव कुठलाही असू दे रे, खर्ज सगळीकडे कमीच पडतो."

मोटारींच्या इंजिनांचे आवाज ऐकण्यातच काकांची नोकरीची सगळी वर्षं गेली. आता दर डिसेंबरला ते चर्चच्या कॉयरमध्ये एका जुन्या जर्मन संगीतकाराचं येशूवरचं भलंमोठं समूहगान गात. गाडीत बसलं की त्याची कहाणी सुरू. "आपल्यासारखाच परदेशी. लंडनला सेटल झाला, पण इंग्लिश शेवटपर्यंत जर्मनच. ऑपेरे पडले, हात लुळा पडला, लोक म्हणाले, संपला. मग बसला आणि थोड्या आठवड्यांत हे लिहून काढलं! आणि तू ट्रॅफिकचं कारण सांगून रिहर्सल कॅन्सल करतोस."

तबल्याच्या दोन परीक्षा पास असल्यामुळे मी निर्धास्त होतो. त्या गाण्यातल्या प्रसिद्ध कोरसच्या शेवटी 'हालेलुया' पुन्हा पुन्हा येतं, मग सगळे एकदम थांबतात, आणि त्या शांततेनंतर अखेरचं, संथ 'हालेलुया'. पहिल्याच वर्षी भरल्या चर्चमध्ये तो शब्द पुन्हा पुन्हा आला, माझ्या डोक्यात तबल्याची, तीनदा येऊन समेवर संपणारी तिहाई सुरू झाली, आणि सगळे थांबले तिथे मी समेवर दणदणीत 'हा' ठोकला. एकट्याने. पहिल्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं.

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. काका मात्र पार्किंग लॉटमध्ये डोळे पुसत हसत होते. "गातं तर गाढवही. थांबता आलं पाहिजे!"

पुढच्या वर्षीपासून ती जागा आली की काका माझं मनगट घट्ट धरत आणि शांतता संपली की सोडत. इतका मोठा घोडा झालो, तरी मला त्याची लाज वाटली नाही.

गेल्या वर्षी काकांची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काकू रडकुंडीला आल्या. "अहो, या वर्षी कॅन्सल करा ना."

"गाणार नाही गं. फक्त त्या शांततेसाठी जातो. तिथे सगळा कॉयर माझ्याइतकंच गातो."

नाकात ऑक्सिजनची नळी घालून ते माझ्या शेजारी खुर्चीत बसले, सबंध कार्यक्रमभर ओठ मिटून. ती जागा आली तेव्हा त्यांनी मनगट धरलं. पकड इतकी हलकी होती की मी जरा हललो असतो तरी सुटली असती. मी हललो नाही. मला फार रडू येत होतं.

उन्हाळ्याआधीच काका गेले.

या डिसेंबरला शेजारी कुणीच नव्हतं. ती जागा जवळ आली, तिहाई घशापर्यंत चढली. काहीच सुचेना, म्हणून उजव्या हाताने मी माझंच डावं मनगट गच्च धरलं. त्या नादात गाण्याचं जाडजूड पुस्तक हातातून सुटलं आणि त्या शांततेत, बरोब्बर समेवर, धप्पकन जमिनीवर पडलं.

तोंडातून मात्र काही निघालं नाही, काका.