रुमालाखालचं घर

घर घेणार मी, कर्ज माझ्या नावावर, वीस वर्षं हप्ते मी भरणार. आणि भाव ठरला कुठं? आबांच्या रुमालाखाली! आठवलं की अजून डोकं तापतं.

आबा म्हणजे माझे मोठे काका, असोद्याचे. सगळी हयात बैलबाजारात गेली. तिथं भाव तोंडानं बोलतच नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून करतात. आई म्हणाली, व्यवहाराला घरचं मोठं माणूस हवं, म्हणून त्यांना जळगावला बोलावलं. मी त्यांना रिक्षात तीनदा बजावलं, "आबा, एकतीस. बँकेचे आणि साठवलेले धरून एकतीस लाख. वर हजारसुद्धा नाहीत." ते म्हणाले, "हो व माय."

घरमालक पारोळ्याकडचे, आबांच्याच वयाचे. पस्तीस मागत होते. मी फोनमध्ये सगळं लिहून नेलेलं, मागच्या भिंतीची ओल, गळकी टाकी, गल्लीतले भाव. तोंड उघडलं तर आबा म्हणाले, "थांब व पोरी, मोठ्या माणसायले बोलू दे." आणि बोलले काय? काहीच नाही! खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला. रुमाल हलतोय, दोघं गालात हसतायत, आणि मी खुर्चीत बसून रुमाल बघतेय!

"जमलं!" आबा म्हणाले.

"किती?"

"घरी सांगतो."

"आबा, हप्ता मी भरणारे!"

मालक हसले. "पोरले काय समजस यामा!"

आबा कानात कुजबुजले, "तेहेतीस. दोन लाखाचं काय व, देऊ कुठूनबी."

कुठूनबी?! मी उठले, आबांच्या शेजारी बसले आणि माझाच हात रुमालाखाली घातला. "आता माझ्याशी बोला."

मालकांनी हात झटकन मागे घेतला. परक्या पोरीचा हात कसा धरायचा! तेवढ्यात आतून अक्का आल्या, मालकांची बायको. "सरका तठे. घर मना नाववर शे." घर अक्कांच्या नावावर! आणि त्यांनी हात घातला.

मी तीन बोटं धरली, मग एक, म्हणजे एकतीस. त्यांनी तीन, मग दोन. मी पुन्हा एकच दाबलं, आणि सोडलंच नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि मग एक बोट दाबलं.

"पन ओटावरना झोका मी ली जासू."

न्या ना अक्का, झोका न्या!

आता आम्ही तिथंच राहतो. ओट्यावर झोक्याच्या कड्या तेवढ्या लटकतायत. परवा आबा आले, त्या कड्यांखाली खुर्ची टाकून शेजाऱ्यांना सांगत होते, "चार लाख तोडले म्या. बाजारातला हात हाये हा!"

मी चहा केलाच नाही. आईनं केला.