क्यूब फोडणारे काका

खोपोलीच्या आमच्या लॅबमध्ये काँक्रीटचे क्यूब दाबून फोडायचे काम काकांचे. मशीनचा दांडा हाणताना ते क्यूबशीच बोलतात, "सोस रं, अजून सोस."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. माझं काँक्रीट सिमेंटऐवजी राखेचं आणि लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं, म्हणजे स्लॅगचं. आधीचे क्यूब कमी दाबातच फुटले, म्हणून या खेपेला मिश्रणात नॅनो सिलिकाची अतिबारीक पूड घातली. आजचा क्यूबही नापास झाला असता तर साहेब प्रयोग बंद करणार होते.

मशीनवरचा दाबाचा काटा हव्या त्या आकड्यापुढे गेला. काकांनी दांडा सोडला.

"पास झाला ना, पोरी? मग कशाला मारायचा त्याला?"

"कुठवर सोसतो ते कळायला नको, काका?"

"मग तूच फोड," म्हणत ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मी दांडा दाबत राहिले. धाडकन आवाज झाला, तसं दारातून त्यांचं डोकं आत आलं.

"किती गं?"